गोलघुमटाचा रेटा जातो कुठे?

विजापूरचा गोलघुमट “एकाही खांबाशिवाय हवेत तोललेला” आहे, असा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. शेवटी “हरवलेलं प्राचीन तंत्रज्ञान” हे शेपूट असतंच. हरवलंय ते एवढंच, की कोणी वर नीट बघत नाही.

मुहम्मद आदिलशहाची, म्हणजे शहाजीराजे ज्याच्या पदरी होते त्या सुलतानाची ही कबर. तो 1656 मध्ये वारला. आतलं दालन साधारण 41 मीटर बाजूचं चौरस आणि घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर.

घुमटाची खरी अडचण वजनाची नाही, रेट्याची आहे. अर्धगोल घुमटाचा माथा स्वतःच्या भाराने दाबला जातो, तर माथ्यापासून साधारण 52 अंशांच्या खालचा भाग बाहेर फाकू पाहतो. वीट आणि चुना दाब सोसतात, ताण नाही. मग बुडापासून उभ्या भेगा वर चढतात आणि घुमट सोललेल्या संत्र्यासारखा फाकतो.

इथला उपाय कागदावर करून बघा. 10 सेंमी बाजूचा चौरस काढा. प्रत्येक बाजूवर दोन्ही कोपऱ्यांपासून 2.9 सेंमीवर खूण करा. आठ खुणा झाल्या. आता एक सोडून एक खूण जोडत जा. एकमेकांना छेदणारे दोन तिरके चौरस मिळतील आणि मधोमध अष्टकोन उरेल. यातली प्रत्येक रेघ म्हणजे एक प्रचंड कमान. कमानींमधल्या जागा भरून काढल्या की भिंती वर जाता जाता आत झुकतात आणि मधलं गोल तोंड जेमतेम 30 मीटरचं राहतं. घुमट मात्र या तोंडाच्या काठावर बसवलेला नाही, मागे सरकवून बसवलाय. त्यामुळे आत झुकलेल्या त्या बांधकामाचा भार आतल्या बाजूला ओढतो, घुमट बाहेर रेटतो आणि दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकांना खातात. उरलेला रेटा जाड भिंती पचवतात. घुमटही बुडाशी सुमारे 3 मीटर जाड आहे: विटांचे आडवे रद्दे आणि मध्ये चुन्याचे भरघोस थर.

मागे सरकवल्यामुळे जो काठ मोकळा राहिला, तीच ती प्रसिद्ध कुजबुजती गॅलरी. कुजबुज गोल भिंतीला घासत पलीकडे पोहोचते. टाळी मात्र समोर जाऊन परत येते, म्हणजे 76 मीटर, सुमारे 0.22 सेकंद. दहा प्रतिध्वनी मोजायचे तर दोन सेकंदांहून जास्त शांतता हवी. शाळेची सहल वर आलेली असली, तर ती मिळत नाही.