टेनर गिटार आली कुठून, अन् स्वस्तातली जुनी घेतली तर तारा कोणत्या लावायच्या

चार तारांची गिटार, म्हणजे टेनर गिटार, दिसली की आपल्याकडे लोक तिला युकुलेलेच समजतात, नाहीतर म्हणतात कुणीतरी सहातल्या दोन तारा काढून टाकल्यात. लातूर, नांदेड, परभणीकडं गिटार शिकवणाऱ्यांनाही विचारलं तर बहुतेकांनी ही हातात घेतलेली नसते, त्यात त्यांची काही चूक नाही. पण नेटवर जुनी अमेरिकन टेनर गिटार स्वस्तात दिसली अन् घ्यायचा मोह झाला तर आधी तिची कुंडली माहिती पाहिजे, कारण हे वाद्य गिटारवाल्यांसाठी बनलेलंच नव्हतं. बेंजोवाल्यांचं काम जाऊ नये म्हणून ते बनलं, आणि तिची बारीक मान, पातळ तारा, ट्यूनिंग हे सगळं त्यातूनच आलंय.

सुरुवात मँडोलिनपासून धरावी लागते. 1900 च्या आगंमागं अमेरिकेत मँडोलिनचं भलतंच वेड होतं, मँडोलिनवाल्यांचे अख्खे ऑर्केस्ट्रे असायचे. पुढं नाचाचं संगीत आलं, टँगो आला, त्या गोंगाटात मँडोलिन ऐकू येईना, म्हणून 1910 च्या आसपास बेंजोच्या चामड्याच्या खोक्याला आखूड मान अन् चार तारा लावल्या आणि ट्यूनिंग मँडोलिनसारखंच पंचमाच्या अंतराचं ठेवलं, म्हणजे मँडोलिनवाल्याची बोटं तिथं आपोआप चालायची. हा झाला टेनर बेंजो. (आपल्या वरातीतल्या बेंजो पार्टीतला बटणांचा बेंजो वेगळा बरं का, तो जपानी ताइशोगोतोच्या खानदानातला.)

जॅझ बँडमध्ये हा बेंजो फिट्ट बसला. रेकॉर्डिंगला तेव्हा मायक्रोफोन नव्हता, सगळ्यांनी आवाज टिपणाऱ्या कर्ण्यासमोर बसून वाजवायचं, तिथं गिटारचा मऊ आवाज विरून जायचा अन् बेंजो मात्र कडकडीत उमटायचा. 1925 मध्ये इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग आलं आणि पारडंच फिरलं. मायक्रोफोनला गिटार व्यवस्थित ऐकू यायला लागली, एडी लँगसारखे वादक सहा तारांवर काय कमाल करतात हे लोकांनी ऐकलं, मग बँडमालक म्हणायला लागले की बेंजो घरी ठेवा अन् गिटार आणा. आता वर्षानुवर्षं चार तारांवर हात बसलेल्या माणसानं सहा तारा नव्यानं शिकायच्या कधी? कंपन्यांनी यावर साधा तोडगा काढला, मान बेंजोची अन् पोट गिटारचं. 1927 च्या सुमारास गिब्सन आणि मार्टिन दोघंही यात उतरले. आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य होतं, एवढं जुनं हे प्रकरण.

पण आपल्या खिशाचा विषय मार्टिन नाही, शिकागो आहे. हार्मनी, के, रीगल या शिकागोच्या कारखान्यांनी स्वस्त माल ढिगानं काढला. हार्मनी 1892 ची, 1916 मध्ये ती सीअर्स या कॅटलॉगवाल्या दुकानानं विकत घेतली, म्हणजे शेतावर बसून पोस्टानं गिटार मागवायची सोय. लाकूड बरेचदा साधं बर्च, वरून भारी लाकडाचे रेषे रंगवलेले, अन् आतल्या पट्ट्या शिडीसारख्या आडव्या. जाणकार नाकं मुरडतात, मला मात्र तो खोकड, कोरडा आवाजच आवडतो. पुढं जॅझवाल्या टायनी ग्राइम्सनं 1943 पासून पियानोवादक आर्ट टेटमसोबत इलेक्ट्रिक टेनर वाजवली, 1950 च्या दशकाच्या शेवटी किंग्स्टन ट्रिओ या लोकगीतं गाणाऱ्या त्रिकुटातल्या निक रेनॉल्ड्सच्या गळ्यात टेनर दिसली तेव्हा पुन्हा थोडी चलती झाली, मग परदेशातून स्वस्त गिटारी यायला लागल्या अन् 1975 मध्ये हार्मनीचा कारखाना बंद पडला.

म्हणून आज स्वस्तात मिळते ती बहुतेक याच शिकागोच्या वंशातली. हार्मनीच्या आत शाईचा शिक्का सापडला तर बघा, एफ किंवा एस अक्षर अन् वर्षाचे दोन आकडे असतात. डोक्यावर स्टील रिइन्फोर्स्ड नेक लिहिलेलं असतं, त्यावरून मान पाना लावून सरळ करता येईल असं समजू नका, आतली सळई पक्की बसवलेली असते. मान पुढं झुकलेली असेल, बाराव्या फ्रेटवर (म्हणजे मानेवरच्या बाराव्या पडद्यावर) तारा बोटभर उंच असतील, तर सोडून द्या, कारण ती दुरुस्ती गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडते. भेगांचं एवढं काही नाही. जुने जोड सरसाचे असतात अन् सरस उष्णतेनं मऊ पडतो, त्यामुळं आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवली तर तारांखालची घोडी उखडून हातात येईल. आणि जोड सुटला तर सुताराकडं नेऊन फेव्हिकॉल भरू नका, सरस पुन्हा सरसानंच बसतो.

तारांचं म्हणाल तर टेनरचा खास सेट आपल्याकडच्या दुकानात मिळणं अवघड, पण अडत नाही. अकूस्टिकचा साधा 10 चा सेट (आकडा तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागात) घ्या अन् त्यातल्या बारीक चार तारा लावा, 10, 14, 23, 30. जाड दोन बाजूला ठेवा. मागं टेलपीस (तारांची टोकं अडकवायची पट्टी) असेल तर आधी बघा तारेच्या टोकाला मणी चालतो का नुसता फास लागतो, काही टेलपीस बेंजोच्या पद्धतीचे असतात. फास लागत असेल तर मणी पक्कडीनं हळूच फोडून काढायचा. चारही तारांचा मिळून ताण साधारण 35-40 किलो येतो, जुन्या अंगाला तेवढा झेपतो. घोडी चिकटवलेली नसून सरकती असेल तर बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर अन् तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) जुळेपर्यंत ती पुढंमागं करायची.

ट्यूनिंगला पेटी पुरते, अन् पेटी तर गावोगावच्या भजनी मंडळात असतेच. मूळ बेंजोवाल्यांचं ट्यूनिंग जाड तारेपासून पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा. म्हणजे सा, मग प, त्या प चा प म्हणजे वरच्या सप्तकातला रे, अन् त्याचा प म्हणजे वरचा ध. पेटी जुनी असेल तर ती स्वतःच थोडी उतरलेली असते, म्हणून मोबाइलवर एकदा तपासा. शेवटची पांढरी सहाची, म्हणजे ए ची, तार सगळ्यात ताणलेली, ती सावकाश चढवा अन् सप्तक चुकवू नका, तुटायचीच लक्षणं दिसली तर 10 ऐवजी 9 ची लावा. ज्यांना गिटार आधीच येते त्यांनी याच चार तारा पांढरी दोन, पाच, सात, तीन अशा लावायच्या, याला शिकागो ट्यूनिंग म्हणतात, टायनी ग्राइम्स असंच लावायचा, फक्त 10 ची तार यात जरा ढिली वाटते म्हणून 12 च्या सेटमधल्या चार घेतलेल्या बऱ्या. मला विचाराल तर पहिलंच लावा. मूठभर नव्या कॉर्ड शिकाव्या लागतात, पण त्या पंचमाच्या मोकळ्या आवाजासाठीच तर ही गिटार घ्यायची, नाहीतर घरातल्या सहा तारांच्या गिटारवर खालच्या चार वाजवल्या तरी तेच होतं.