उपचारानंतर लोहसाठ्याची रक्ततपासणी

गोळ्या किंवा सलाईनमधून लोह दिल्यावर शरीरात त्याचा साठा खरंच भरला का, हे रक्तावरून बघायची ही तपासणी, आणि त्यात मुख्य टेस्ट फेरिटिनची, म्हणजे लोह साठवून ठेवणाऱ्या प्रथिनाची. खान्देशात जळगाव-धुळ्यापासून पार धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत 'रगत कमी शे' हे बायांच्या तोंडी कायम असतं, पण मोजतात ते बहुतेक वेळा नुसतं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन), आणि ते ९ वरून १२ ला गेलं की गोळ्या बंद. इथंच गाडी अडते. आलेलं लोह शरीर आधी रक्त बनवायला वापरतं आणि साठा मागून भरतो, म्हणून एचबी नॉर्मल आल्यावरही साधारण ३ महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, नाहीतर कापूस वेचताना परत तोच दम, तेच डोळ्यापुढे अंधारणं, आणि बाई ते अंगावर काढत राहते.

फेरिटिन लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी धरते, बरेच डॉक्टर ३० च्या खालीच कमी समजतात आणि तेच जास्त पटतं. पण ताप, इन्फेक्शन, सांध्यांची सूज असली की फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, अशा वेळी ७० पर्यंतचा आकडासुद्धा कमीच धरायचा, आणि सोबत सीआरपी (शरीरात सूज आहे का ते दाखवणारी टेस्ट) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) करून घ्यावं, सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली म्हणजे लोह कमी पडतंय. नुसत्या सीरम आयर्नवर (त्या वेळी रक्तात फिरणाऱ्या लोहावर) भरवसा ठेवू नये, सकाळी गोळी घेऊन गेलं तरी ते वर जातं.

वेळ फार महत्त्वाची. एचबी ३-४ आठवड्यांत डेसीलिटरमागे १ ते २ ग्रॅम वाढायला हवं, ते तेव्हा बघायचं. सलाईनमधून लोह घेतलं असेल तर फेरिटिन किमान ४ आठवडे, जमलं तर ८ आठवडे थांबून करायचं, कारण लगेच केलं तर आकडा फुगलेला येतो आणि घरचे खूश होऊन पुढचं सगळं सोडून देतात.

सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) आढळतो, तिथे एचबी कमी म्हणजे लोहच कमी असं नसतं. वारंवार रक्त चढवलेल्या पेशंटमध्ये लोह उलट लिव्हरमध्ये साचत जातं, त्यांना फेरिटिन न बघता गोळ्या देऊच नयेत.

गोळ्या घेऊनही साठा भरत नसेल तर भाकरीनंतर लगेच चहा होतो का, पाळीत अंगावरून जास्त जातं का, मूळव्याध आहे का आणि शेतात अनवाणी राबणाऱ्याच्या पोटात हुकवर्म (रक्त शोषणारे जंत) आहेत का, हे आधी शोधावं लागतं.