गोलरक्षक उशिरा का पिकतो?

आइस हॉकीचा पक म्हणजे कडक रबराची चकती. व्यास 7.6 सेंटिमीटर, वजन साधारण 160 ग्रॅम. बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. जोरकस फटक्यानंतर तिचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या घरात जातो. दहा मीटरवरून मारलेली चकती मग 0.23 सेकंदांत गोलजाळीत पोचते. आता माणसाकडे बघा. डोळ्यांना काही दिसून स्नायू हलायला लागेपर्यंतच 0.2 सेकंद निघून जातात. उरलेल्या तीन शतांश सेकंदात हात जाऊन जाऊन कुठवर जाणार? तरीही एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये गोलरक्षक दहातले नऊ फटके अडवतात.

कारण त्यांचं निम्मं काम फटका बसण्याआधीच झालेलं असतं. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स आणि डेरेक पंचुक यांनी 2006 मध्ये निष्णात गोलरक्षकांच्या नजरेचा माग काढला. अडवलेल्या फटक्यांच्या वेळी त्यांची नजर भिरभिरत नव्हती. चकती सुटण्याच्या जवळजवळ सेकंदभर आधीपासून ती चकतीवर आणि स्टिकवर खिळलेली होती.

दुसरी गोष्ट जागेची. गोल 1.83 मीटर रुंद असतो. फटका समोरून, दहा मीटरवरून येणार असेल आणि गोलरक्षक दोन मीटर पुढे सरकला, तर त्याला 1.46 मीटरच झाकावे लागतात. साधी समरूप त्रिकोणांची भूमिती. पण चकतीही तेवढीच लवकर पोचते: जागा एक पंचमांशाने कमी, वेळही एक पंचमांशाने कमी. त्यात समोरच्याने फटका न मारता चकती बाजूला सरकवली, तर मागे उघडा गोल. किती पुढे यायचं, हा निर्णय सामन्यात शेकडो वेळा घ्यावा लागतो, आणि तो पुस्तकातून शिकता येत नाही. माझ्या मते या खेळातलं सगळ्यात सुंदर कौशल्य हेच.

म्हणूनच गोलरक्षक उशिरा पिकतो. टिम थॉमसला एनएचएल संघाने निवडलं 1994 मध्ये. त्यानंतर फिनलंड, स्वीडन, खालच्या लीग अशी वणवण झाली, आणि लीगमध्ये हक्काची जागा मिळाली ती तिशी उलटल्यावर. 2011 मध्ये, वयाच्या 37व्या वर्षी, त्याने बॉस्टनला स्टॅनले चषक, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून दिला. जॉनी बावर 1967 मध्ये टोरोंटोसाठी तो चषक जिंकला तेव्हा 42 वर्षांचा होता. जागा मात्र मोजक्याच: 32 संघ, प्रत्येकात सहसा दोन गोलरक्षक.

समज वाढत जाते, शरीर मात्र झिजत जातं. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका माँट्रियलच्या जॅक प्लांटच्या चेहऱ्यावर बसला. टाके घालून प्लांट परतला तो मुखवटा चढवूनच, आणि पुढे मुखवटा रूढ झाला. चेहरा वाचला. खुब्याचं तसं नाही.

आजची ‘बटरफ्लाय’ पद्धत अशी: दोन्ही गुडघे एकदम बर्फावर टाकायचे आणि पोटऱ्या दोन्हीकडे फाकवायच्या, म्हणजे गोलचा खालचा भाग पॅडनी बंद होतो. यात मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत टोकापर्यंत आत वळतं. त्या हाडाच्या मानेवर थोडासा जरी उंचवटा असला, तरी तो खोबणीच्या काठावर घासतो आणि तिथली लॅब्रम नावाची कूर्चा फाटू शकते. वाढीच्या वयात भरपूर हॉकी खेळलेल्या मुलांमध्ये हा उंचवटा जास्त आढळतो.

या पद्धतीच्या आद्य गोलरक्षकांपैकी एक ग्लेन हॉल. 1955 पासून सलग 502 सामने तो खेळला, तेही मुखवट्याविना. 1962 मध्ये ही मालिका तुटली ती चकती लागून नव्हे, पाठीच्या दुखण्याने.