उभ्या इंजिनाचे दुखणे

भारतीय हवाई दलाकडे ‘परशुराम’ नावाचे एक डाकोटा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले दोन इंजिनांचे मालवाहू विमान आहे. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन ते २०१८ साली भारतात आले. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य घेऊन गेलेल्या डाकोटाचा ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक त्याच्यावर रंगवलेला आहे. या जातीचे विमान उड्डाणासाठी सज्ज करताना एक गमतीशीर दृश्य दिसते. दोन-तीन माणसे पंख्याचे एकेक पाते खांदा लावून पुढे ढकलतात आणि एक जण मोठ्याने पाती मोजत असतो. बघणाऱ्याला वाटते की इंजिन हाताने सुरू करत आहेत. प्रत्यक्षात, रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात तेल भलत्या जागी साचले आहे का, हे ते चाचपत असतात.

डाकोटावरचे सर्वांत परिचित इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे ‘ट्विन वास्प’. त्याचे चौदा सिलिंडर सातसातच्या दोन वर्तुळांत, घड्याळाच्या आकड्यांसारखे मांडलेले असतात. एकूण आकारमान सुमारे ३० लिटर, म्हणजे आपल्या रस्त्यांवरच्या साध्या मोटारीच्या पंचवीस-तीस पट, आणि शक्ती १,२०० अश्वशक्ती. अशी पावणेदोन लाखांच्या घरात इंजिने बनली, म्हणूनच आजही त्यांचे सुटे भाग मिळू शकतात. मात्र या गोल मांडणीमुळे तळाचे सिलिंडर उलटे, डोके खाली करून लोंबतात. इंजिन थांबले की आतले तेल निथळून खाली येते, पिस्टनच्या कड्यांमधून हळूहळू झिरपते आणि त्या उलट्या सिलिंडरांच्या डोक्यात साचते.

हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबले जात नाही. सगळे संकट या एका फरकात आहे. आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह (झडपा) बंद असताना पिस्टन त्या तेलावर आदळला, तर जोर जिरायला जागाच उरत नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो किंवा सिलिंडर फाटतो. त्यातही जागच्या जागी तुटलेला रॉड परवडला, असे मला वाटते. किंचित वाकलेला रॉड पुढे कित्येक तास निमूटपणे चालतो आणि मग हवेत असताना दगा देतो.

पाती मोजण्यामागे साधे गणित आहे. प्रत्येक सिलिंडरचे हवा ओढणे, दाबणे, जाळणे आणि बाहेर टाकणे हे चारही टप्पे पुरे व्हायला क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे लागतात. या इंजिनात दंतचक्रांमुळे क्रँकशाफ्टच्या १६ फेऱ्यांमागे पंखा ९ वेळा फिरतो, म्हणून दोन फेऱ्यांसाठी पंख्याला सव्वा-एक फेऱ्याहून थोडे कमी, म्हणजे तीन पात्यांच्या पंख्याची साधारण साडेतीन पाती ढकलावी लागतात. माणसे अर्थातच त्यावर थांबत नाहीत. खात्री होईपर्यंत आणखी बरीच पाती मोजतात. पाते मध्येच अडले, तर जोर लावायचा नाही. उलटे फिरवणे तर त्याहून वाईट, कारण त्याने तेल हवा आत घेणाऱ्या नळीत ढकलले जाते आणि इंजिन सुरू होताच पुन्हा सिलिंडरमध्ये ओढले जाते. तळाच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू देणे, हाच खरा उपाय.

तेल असे नको तिथे साचते, आणि हवे तिथून मात्र ओसरते. पावसाळाभर अंगणात उभी राहिलेली स्कूटर ज्यांनी सुरू केली आहे, त्यांना हे सांगायला नको. सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर निघून गेला की दमट हवेने पोलादावर गंज धरतो आणि पुढच्या वेळी पिस्टनच्या कड्या तो गंज खरवडत फिरतात. म्हणून ‘महिन्यातून एकदा पाच मिनिटे चालवून बंद करू’ ही काळजी बहुधा अपायच करते. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, तिचा काही अंश तेलात मिसळतो आणि तेल पुरेसे तापलेच नाही, तर ते पाणी उडून न जाता आतच राहते. चालवायचेच तर नीट तापेपर्यंत, शक्यतो उडवून आणावे.

इंजिन पूर्ण खोलले जाते, तेव्हा बराच वेळ तडे शोधण्यात जातो. पोलादी क्रँकशाफ्टला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाचे सूक्ष्म कण असलेला द्रव सोडतात. तडा असेल तिथे कण रेषेने गोळा होतात. ॲल्युमिनियमला ही युक्ती लागू पडत नाही, तिथे भेगेत शिरणारा रंग वापरतात. पुढे चालत्या इंजिनाची खबर तेलाची गाळणी देते. तिच्यातली चमकती कणी चुंबकाला चिकटली, तर कुठेतरी पोलाद झिजते आहे. न चिकटणारी पांढरट कणी बहुधा पिस्टनची असते, आणि पिवळसर असेल तर एखाद्या बुशिंगची, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या कांस्याच्या अस्तराची.

बराच काळ उडायचे नसेल, तर सिलिंडरांमध्ये गंजरोधक तेल फवारतात आणि स्पार्क प्लगांच्या जागी ओल शोषणारे दाणे भरलेले पारदर्शक प्लग बसवतात. दाणे कोरडे असताना निळे असतात. कोकणासारख्या दमट हवेत त्यांच्याकडे वरचेवर पाहावे लागते. ते गुलाबी पडले की प्लग काढायचे आणि नवे निळे बसवायचे.