एकांतकोठडीचे मानसिक परिणाम

कैद्याला दिवसातले २२ तास वा त्याहून अधिक काळ, कुणाशी धड बोलणे नाही अशा स्थितीत एकट्याला कोंडणे म्हणजे एकांतवास. ही व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतली. सलग १५ दिवसांपुढचा एकांतवास हे नियम निषिद्ध मानतात.

पहिला घाव बसतो वेळेच्या भानावर. सोलापूरचे कामगार गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजत. कोठडीत भोंगा नाही, पाळी बदलत नाही. झोप विस्कटते आणि पाठोपाठ कान हळवे होतात. शहराच्या पूर्वभागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात गाढ झोपणाऱ्यालाही तिथे नळाचा थेंब डोक्यात घण घातल्यासारखा वाटू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ स्टुअर्ट ग्रासियन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या १४ कैद्यांच्या नोंदी १९८३ साली मांडल्या, त्यांत आवाज असह्य होणे ठळकपणे आढळते. सोबत भास, घबराट, विसराळूपणा, विचार न जुळणे आणि अनावर राग. आधीपासून मनाचा आजार असेल तर तो बळावतो. हा कैद्याचा कमकुवतपणा समजणे चूक आहे; मेंदूला माणसांचा सहवास लागतोच.

सोलापूरकरांच्या स्मरणाशी हा विषय थेट जोडलेला आहे. १९३० साली शहरात लागलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी अंमलानंतर) स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. १८९४ चा तुरुंग कायदा फाशीच्या कैद्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत, रात्रंदिवस पहाऱ्याखाली ठेवायला सांगे. फाशीची तारीख आपण दरवर्षी आठवतो, त्याआधीच्या कोठडीतल्या दिवसांबद्दल मात्र बोलत नाही. त्यांबद्दलही बोलायला हवे.

तुरुंग कायद्यातल्या याच कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात मर्यादित केला: अपील आणि दयेचा अर्ज संपेपर्यंत कैद्याला या कलमाखाली वेगळे कोंडता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११ व १२ नुसार शिक्षा म्हणून दिलेला एकांतवास एकूण तीन महिन्यांहून आणि एका वेळी १४ दिवसांहून अधिक नसावा.

सुटकेनंतरही त्रास सरत नाही. गर्दी नकोशी होते, दार बंद करून बसावेसे वाटते. घरच्यांना तो अबोला तुटकपणाचा वाटतो, पण खरे तर बोलण्याची सवयच मोडलेली असते.