कोल्हापूर–नागपूर हवाई अंतर व प्रवासवेळ

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आणि नागपूरचा सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे 702 किमी (379 सागरी मैल) आहे. नागपूर कोल्हापूरच्या जवळजवळ नेमके ईशान्येला येते. रेल्वेने हाच प्रवास सुमारे 1,200 किमीचा होतो, कारण महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत जाते आणि त्यात एका दिवसाहून अधिक वेळ मोडतो.

अंतर काढताना दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश (16.66° उ., 74.29° पू. आणि 21.09° उ., 79.05° पू.) घ्यावेत, शहराच्या मध्याचे नव्हेत. संकेताक्षरांतही गफलत होते. कोल्हापूर विमानतळ ‘केएलएच’ आहे. ‘केओपी’ हे कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकाचे संकेताक्षर. विमानतळांच्या यादीत मात्र ते थायलंडमधील नाखोन फानोमचे आहे. संगणकाने दोन हजारांवर किलोमीटर दाखवले, तर चूक बहुधा इथेच असते.

702 किमीला जेटच्या ताशी 800 किमी वेगाने भागले की 53 मिनिटे येतात, पण या आकड्यावर विसंबू नये. ठरलेल्या हवाई मार्गांमुळे प्रत्यक्ष अंतर 740–760 किमी भरते. चढताना आणि उतरताना प्रत्येकी सुमारे 20 मिनिटे वेग कमी असतो, म्हणजे पूर्ण वेगाने उडणे जेमतेम निम्म्या वाटेपुरतेच. शिवाय जमिनीवरची 10–15 मिनिटे धरावी लागतात. एम्ब्राएर 175 सारख्या जेटला विमानाचे दार बंद झाल्यापासून उघडेपर्यंत साधारण 1 तास 20 मिनिटे, तर एटीआर 72 या पंख्यांच्या, हळू विमानाला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात.

धावपट्टीची दिशाही हिशेबात येते. कोल्हापूरची धावपट्टी 07/25 आहे, म्हणजे तिच्यावरून साधारण 70 अंशांकडे (पूर्वेकडे) किंवा 250 अंशांकडे (पश्चिमेकडे) उडता येते. पूर्वेकडे उड्डाण झाले, तर विमान थोडे डावीकडे वळून मार्गाला लागते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असल्याने 25 वरून, म्हणजे नागपूरला जवळजवळ पाठ करून, उडावे लागते आणि काही मिनिटे वळण्यातच जातात. नागपूरची 14/32 धावपट्टी मार्गाला काटकोनात आहे. तिथे कोणत्याही टोकाकडून उतरायचे तरी वळावेच लागते.

हिवाळ्यात उंचावर जोरदार पश्चिमी वारे वाहतात. वाऱ्याचा वेग ताशी 110 किमी असेल, तर मार्ग तिरपा असल्याने त्यातले सुमारे 78 किमी विमानाच्या वाट्याला येतात. नागपूरला जाताना ते मदत करतात, परतताना अडवतात; जाण्यायेण्यात सात-आठ मिनिटांचा फरक पडतो. खरा घोळ होतो तो पावसाळी ढगांमुळे. उजळाईवाडीवर दृश्यमानता घसरली की विमान घिरट्या घालते आणि हवा उघडली नाही, तर बेळगाव किंवा गोव्याकडे वळवले जाऊ शकते. संध्याकाळी पुढची गाडी किंवा विमान गाठायचे असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये मधे किमान तीन तास ठेवावेत.