आभासी वितरित स्विच : व्यवस्थापन आणि पुनर्स्थापना

आभासी वितरित स्विच हा अनेक होस्टवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालवणाऱ्या भौतिक सर्व्हरवर) पसरलेला, परंतु एकाच ठिकाणाहून चालवला जाणारा, सॉफ्टवेअरने घडवलेला नेटवर्क स्विच होय. व्हीएमवेअर कंपनीने तो २००९ मध्ये व्हीस्फिअर या आपल्या आभासीकरण प्रणालीच्या ४ या आवृत्तीत आणला. साध्या, म्हणजे स्टँडर्ड स्विचमध्ये प्रत्येक होस्टची मांडणी वेगळी ठेवावी लागते. एखाद्या होस्टवर व्हीलॅनचा (नेटवर्कच्या आभासी विभागाचा) क्रमांक बदलायचा राहून गेला, की तिथे हलवलेल्या व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क तुटते आणि कारण लवकर हाती लागत नाही. नवी मुंबईतील महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यातील डेटा सेंटरांमध्ये कितीतरी होस्ट एकाच वेळी सांभाळावे लागतात. अशा ठिकाणी ही एकसूत्री मांडणी गरजेचीच ठरते.

या स्विचचे नियंत्रण व्हीसेंटरकडे, म्हणजे सगळे होस्ट एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थापन सर्व्हरकडे, असते, तर प्रत्यक्ष वाहतूक ज्या त्या होस्टवर होते. होस्ट स्वतःजवळ मांडणीची प्रत बाळगतो, त्यामुळे व्हीसेंटर बंद पडला तरी चालू मशीनची वाहतूक थांबत नाही. केवळ नवे बदल करता येत नाहीत. प्रत्येक मशीनच्या पोर्टची स्थिती सामायिक साठवणुकीवरील एका लपलेल्या फोल्डरमध्येही नोंदलेली असते.

होस्ट बंद पडतो तेव्हा याच नोंदीचा उपयोग होतो. हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे बंद पडलेल्या होस्टवरील मशीन दुसरीकडे सुरू करणाऱ्या, सुविधेचे एजंट (छोटे प्रोग्राम) होस्टवरच चालतात आणि त्यांच्यातील एक प्रमुख म्हणून निवडला जातो. इतर होस्ट जिवंत असल्याची खूण या प्रमुखाला दर सेकंदाला नेटवर्कवरून मिळत असते. ती थांबली, तर होस्ट खरोखर मेला आहे की फक्त नेटवर्कपासून तुटला आहे, हे तो साठवणुकीवरील खुणांवरून ताडून पाहतो. मग मशीन दुसऱ्या होस्टवर सुरू होतात आणि नोंदीवरून आपापल्या पोर्टला जोडल्या जातात. यासाठी व्हीसेंटर चालू असणे आवश्यक नाही.

मात्र खालच्या भौतिक स्विचवर त्या होस्टच्या ट्रंकमध्ये (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीत) आवश्यक ते व्हीलॅन नसतील, तर मशीन सुरू होऊनही मुकी राहते, आणि अनुभवी प्रशासकही आधी मशीनमध्येच दोष शोधत बसतो. व्हीस्फिअर ५.१ पासून मिळणारी हेल्थ चेक सुविधा व्हीलॅन आणि एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) यांमधील अशी विसंगती दाखवते. देखभालीच्या वेळी ती चालवून नंतर बंद करावी, कारण ती चाचणीची पाकिटे पाठवतच राहते.

सर्वांत अवघड प्रसंग सगळे होस्ट एकदम बंद पडण्याचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला होता. मोठ्या डेटा सेंटरांकडे अशा वेळी जनरेटर असतात, परंतु ठाण्यातील वागळे इस्टेटमधील एखाद्या छोट्या कंपनीची सर्व्हर रूम फक्त यूपीएसच्या भरवशावर असेल, तर तो थोड्याच वेळात संपतो. वीज परत आल्यावर व्हीसेंटरची मशीन बॅकअपमधून थेट एखाद्या होस्टवर उभी करायची वेळ आली, तर खरा पेच पडतो : नेहमीच्या स्टॅटिक बाइंडिंगच्या (जिथे पोर्ट व्हीसेंटर नेमून देतो अशा) पोर्ट ग्रुपला, म्हणजे समान मांडणीच्या पोर्टांच्या गटाला, ती जोडण्यासाठी व्हीसेंटरच लागतो, आणि तोच तर बंद असतो. एफेमेरल बाइंडिंगच्या (जिथे पोर्ट होस्टच तात्पुरता तयार करतो अशा) पोर्ट ग्रुपला होस्टवरून थेट जोडता येते. म्हणून व्यवस्थापनाच्या व्हीलॅनवर असा एक पोर्ट ग्रुप पहिल्याच दिवशी तयार ठेवावा. संकट आल्यावर तो तयार करता येत नाही.

होस्टचे व्यवस्थापन नेटवर्कच तुटले असेल, तर रॅकजवळ जाऊन कीबोर्ड आणि स्क्रीन लावावी लागते. एफ२ दाबून रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड दिल्यावर ‘नेटवर्क रिस्टोअर ऑप्शन्स’ या मेनूत ‘रिस्टोअर स्टँडर्ड स्विच’ हा पर्याय मिळतो. तो होस्टचे व्यवस्थापन नेटवर्क वितरित स्विचवरून काढून साध्या स्विचवर आणतो. अपलिंकची (होस्टला भौतिक स्विचशी जोडणारी) केबल आणि व्हीलॅन क्रमांक हाताशी लिहून ठेवलेला असला, तर हे काम लवकर उरकते.

कायमचा गेलेला होस्ट व्हीसेंटरच्या यादीतून काढावा लागतो. नव्याने इन्स्टॉल केलेला होस्ट मात्र अपलिंक आणि व्हीएमकर्नल (होस्टच्या स्वतःच्या वाहतुकीच्या) इंटरफेससह स्विचमध्ये पुन्हा जोडावा लागतो. स्विचची मांडणीही ५.१ पासून फाइलमध्ये काढून ठेवता येते. व्हीसेंटर नव्याने उभारून ती फाइल आत घेताना मूळ ओळख क्रमांक कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा. तसे न केल्यास तो वेगळा स्विच ठरतो आणि होस्टांवरील जुन्या प्रतींशी त्याचा मेळ बसत नाही.